सहा गुंजांची चांदी

बोटाच्या पेरावर ठेवलेला हा चांदीचा ठिपका. जरा जवळून पाहू. एका बाजूला अथेना देवीचं शिरस्त्राण. दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि शहराच्या नावातली पहिली तीन अक्षरं. हे प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सचं नाणं, ओबोल. वजन सुमारे ०.७२ ग्रॅम, आपल्या सराफांच्या हिशेबात सहा गुंजा. असे ६ ओबोल म्हणजे एक द्राख्मा. याहूनही लहान, पाव ओबोल, जेमतेम दीड गुंजेचा.

आता ऐरणीकडे या. अथेनेचा ठसा खाली, ऐरणीत घट्ट बसवलेला. त्यावर तोलून घेतलेली चांदीची चकती. वरून घुबडाचा ठसा कोरलेली छिन्नी उभी धरायची आणि हातोड्याचा एकच घाव. चकती केसभर सरकली, तर घुबडाचं डोकं नाण्याबाहेर. म्हणून या ट्रेमधली इतकी घुबडं अर्धवट आहेत. मला तीच जास्त आवडतात, त्यांच्यात कारागिराचा हात दिसतो.

एक द्राख्मा पाडायला एक घाव पुरतो. तेवढ्याच चांदीचे पाव ओबोल पाडायचे, तर २४ घाव. मग हा खटाटोप कशासाठी? एरेख्थिऑन मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले आहेत. त्यांत एका दिवसाची मजुरी एक द्राख्मा. अख्ख्या दिवसाची कमाई एकाच नाण्यात असेल, तर मूठभर अंजिरं घ्यायची कशी? गरिबाचा बाजार या मोडीवर चालायचा. संग्रहालयात माणसं थांबतात ती चार द्राख्मांच्या मोठ्या घुबडापाशी. आम्ही मुद्दाम या ट्रेपाशी थांबलो.

ही मोड ठेवत कुठे? तोंडात, गालाशी. इ.स.पू. ४२२ मध्ये रंगमंचावर आलेल्या ॲरिस्टोफेनीसच्या नाटकात एक म्हातारा न्यायसभेत पंच म्हणून बसल्याचे ३ ओबोल घेऊन घरी येतो. लेक त्याचे पाय धुते आणि ‘बाबा, बाबा’ करत लाडीगोडीने त्याच्या तोंडातून ते काढून घेते. याच म्हाताऱ्याला एकदा मासळीबाजारात सोबत्याने ओबोल म्हणून माशाचे ३ खवले दिले. त्याने ते तोंडात टाकले, वास आला तेव्हा थुंकले. पुन्हा एकदा नाणं बघा. खवल्याएवढंच आहे.

आणि हे अथेन्सजवळच्या लाव्रिओनच्या खाणींचे बोगदे. चांदी इथली. गुलामांनी खोदलेली. निकियस या श्रीमंत सेनापतीने आपले १,००० गुलाम खाणकामाला भाड्याने दिले होते, माणशी रोज एक ओबोल. तो ओबोल निकियसला मिळायचा.