नोझल चेक आधी, भाव नंतर

(हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकारांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘डॉक्टरांनी वापरलेली, फक्त ८००० किलोमीटर’ असं वाचलं की आपण लगेच फोन लावतो. मोठ्या इंकजेट प्रिंटरच्या जाहिरातीत ‘फारसा वापरलेलाच नाही’ असं दिसलं, तर मात्र जरा थांबा. गाडी चालवून झिजते, हा प्रिंटर न चालवल्यामुळे मरतो. आज मी जे बोलणार आहे ते सगळं याच्याभोवती फिरणार आहे, तेव्हा कुणाला चहाला जायचं असेल तर आताच जाऊन या.

हे मी स्वतःच्या खिशाला चाट लावून शिकलो. पुण्यात एक डिझाइनचं ऑफिस बंद होत होतं. २४ इंची मशीन, म्हणजे २४ इंच रुंद कागद घेणारं, स्टँडसकट, वर चार सीलबंद कार्ट्रिज फुकट. पार्टीने ४५ हजार सांगितले, मी ४० वर आणले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मशीनवर धूळ होती, पण एक ओरखडा नाही. एकूण प्रिंट चारशेसुद्धा झालेल्या नव्हत्या. मी विचारलं, ‘शेवटचं कधी चालवलं होतं?’ ते म्हणाले, ‘दिवाळीच्या आधी.’ कुठल्या दिवाळीच्या, हे मी विचारलं नाही.

घरी आणून चालू केलं, तर आठ रंगांपैकी पाच रंगांचा कागदावर पत्ता नाही. मग क्लीनिंगवर क्लीनिंग, म्हणजे तुंबलेली भोकं मोकळी करायला मशीन त्यांतून शाई ओढून काढतं ते. ती फुकटची कार्ट्रिज त्यातच संपली. त्यांच्यावरची तारीख कधीच उलटून गेली होती, हेही तेव्हाच दिसलं. शेवटी नव्या हेडचा, म्हणजे कागदावर शाई उडवणाऱ्या भागाचा, भाव काढला, तर तो मशीनपेक्षा जास्त. मशीन सुट्या भागांसाठी देऊन टाकलं. स्टँड अजून आहे, त्यावर आमच्या घरी तुळस आणि कोरफड ठेवलेली असते.

तर हेड. सगळा जीव त्यात. एप्सनच्या मोठ्या मशीनमध्ये पिझो हेड असतं. विजेचा इशारा मिळाला की आकार बदलणारा एक बारीकसा घटक शाईचा थेंब बाहेर ढकलतो. स्टायलस प्रो ७८०० घ्या. २००५चं मॉडेल, जुन्या बाजारात कधीमधी अजून भेटतं. आठ रंग, प्रत्येक रंगाला शाईची १८० भोकं, म्हणजे नोझल, एकूण १४४०. त्यातून पडणारा सर्वांत लहान थेंब साडेतीन पिकोलिटरचा. एक पिकोलिटर म्हणजे मिलिलिटरचा अब्जावा भाग. शाई पिग्मेंटची, म्हणजे रंगाचे घन कण पाण्यात तरंगत ठेवलेले. एवढ्याशा भोकाच्या तोंडाशी पाणी उडून गेलं की मागे उरतं त्याला रंग म्हणायचं की सिमेंट, तुम्हीच ठरवा.

कॅनन आणि एचपीची तऱ्हा वेगळी. त्यांची हेडं थर्मल. शाई क्षणभर तापवायची, बुडबुडा होतो, बुडबुडा थेंबाला ढकलतो. असं हेड कधीतरी संपणारच, हे धरूनच ते बनवलेलं असतं, म्हणून आपल्या हाताने बदलता येतं. कॅनन आयपीएफ ६१०० मध्ये १२ शाया आणि दोन हेडं आहेत. प्रत्येक रंगाला २५६० नोझल, आणि त्यातली काही बंद पडली तर बाकीची त्यांचं काम उचलतात. एचपी झेड ३१०० लाही १२ शाया, पण सहा हेडं, एकेका हेडात दोन रंग. रंग मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर आतच बसवलेला. एवढं सगळं असून हे मशीन स्वस्तात का मिळतं? एक कारण पट्टा. हेडची गाडी डावी-उजवीकडे ओढणाऱ्या पट्ट्याचं रबर वयोमानाने भुसभुशीत होतं. झाकण उघडून पट्ट्यावर बोट फिरवा. बोटाला काळा भुगा लागला, तर पट्टा आणि मेकॅनिकची मजुरी दोन्ही भावातून वजा करा.

मग पिझो घ्यावं की थर्मल? रोज प्रिंट काढणाऱ्याने पिझो घ्यावं. वर्षाला दोन प्रदर्शनं आणि मधे शांतता, अशा माणसाने बदलता येणारं हेड असलेलंच घ्यावं. आणि खरं सांगू का, त्याने बहुतेक घेऊच नये. चांगल्या लॅबमधून प्रिंट काढून आणाव्यात. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना मी हेच सांगेन.

आता बघायला जाल तेव्हा काय करायचं ते सांगतो. निघताना फोन करून मशीन चालू करू नका म्हणून सांगा, तुमच्यासमोर चालू होऊ दे. विकणारे सकाळपासून क्लीनिंग मारून ठेवतात, आणि तुम्ही पोचता तेव्हा नोझल चेक, म्हणजे प्रत्येक भोकाची एकेक बारीक रेष काढून दाखवणारी चाचणीची प्रिंट, बत्तीस दात दाखवत हसत असते. पहिली नोझल चेक काढा, तिच्यावर वेळ लिहा. मग मालकाशी तासभर गप्पा मारा. तासाभराने, मधे क्लीनिंग न करता, दुसरी काढा. दोन्ही कागद शेजारी ठेवा. रेषा तुटल्याच नसतील तर उत्तम. दोन्हींत त्याच जागी तुटल्या असतील, तर ती भोकं तुंबलेली आहेत किंवा मेलेली आहेत. पण पहिल्यात इथे आणि दुसऱ्यात तिथे तुटल्या असतील, तर हेड बहुधा शाबूत आहे. मग हवा शिरतेय, डॅम्पर (हेडच्या तोंडाशी शाई धरून ठेवणारी छोटी डबी) गेलाय, किंवा कॅपिंग स्टेशन (काम नसताना हेडला झाकणारं टोपण) नीट बसत नाहीये. हे भाग हेडच्या मानाने किरकोळ पैशांत येतात. म्हणजे तुटक रेषा दाखवणारं मशीनसुद्धा कधीकधी चांगला सौदा असतो आणि विकणाऱ्याला ते माहीत नसतं. हा एकच हिशेब मला जमला म्हणून दुसरं मशीन चांगलं मिळालं.

७८०० सारख्या मशीनच्या पॅनेलवर भागांचं उरलेलं आयुष्यही दिसतं. कटर, मोटर, हेड, क्लीनिंग युनिट, प्रत्येकापुढे चांदण्यांची एक पट्टी असते. क्लीनिंग युनिटच्या चांदण्या इतरांच्या मानाने फारच घटल्या असतील तर समजा, मालक प्रिंटपेक्षा क्लीनिंगच जास्त करत होता. शाई कोणती घातली तेही विचारा. बाटलीतली स्वस्त शाई वाईटच असते असं नाही, पण आज ही, उद्या ती, असा प्रकार झाला असेल तर नळ्यांत काय जमलंय ते देवालाच ठाऊक. आणि फ्लेक्सवाल्यांचं सॉल्व्हंट मशीन, म्हणजे पाण्याऐवजी रासायनिक द्रावकातली शाई वापरणारं, कुणी ‘फोटोलाही चालतं’ म्हणून गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून परत या. ती वेगळी जात आहे.

पैसे देण्याआधी आणखी एक. आपल्या कॉम्प्युटरवर या मशीनचा ड्रायव्हर चालतो का, ते आदल्या रात्री बघून ठेवा. माझ्याकडे अजून विंडोज ७ चा एक म्हातारा लॅपटॉप आहे, त्याला इंटरनेट दिलेलं नाही, तो फक्त प्रिंटरची सेवा करतो.

आणताना हेडची गाडी लॉक करा आणि मशीन आडवं-उभं करू नका. आतल्या टाकाऊ शाईची टाकी कलली की टेम्पोत, जिन्यावर, हमालाच्या शर्टवर सगळीकडे काळं. २४ इंची मशीन स्टँडशिवाय पन्नासेक किलो भरतं, ४४ इंची शंभरच्या आसपास. जिन्याचं वळण टेपने मोजा. आमच्या एका मित्राचं ४४ इंची मशीन तीन महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहिलं होतं.

बसवल्यावर आधी लेव्हल, मग हेड अलाइनमेंट, मग कागदाची फीड. हे मॅन्युअलमध्ये आहे, मी वेळ घेत नाही. मॅन्युअलमध्ये नसतं ते विजेचं. प्रिंट चालू असताना वीज गेली की हेड असेल तिथे उघड्या तोंडाने थांबतं. कॅपिंग स्टेशनवर परत जायला त्याला वीज लागते! पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, एप्रिलमधला गुरुवार असेल तर चार-पाच तासांत तोंडाला कोरड पडते. म्हणून यूपीएस घ्याच. इंकजेटला वीज कमी लागते, साधाही पुरतो. आणि बंद करताना भिंतीवरचं बटण कधीही दाबू नका. पॅनेलवरचं दाबा, हेड घरी जाऊ दे, मग भिंतीवरचं. कोकणातल्या मंडळींना कोरडेपणाची भीती नाही, पण पावसाळ्यात कागद ओलावा धरून लाटेसारखा उठतो आणि हेड त्यावर घासतं. रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच ठेवा.

कागदाबद्दल थोडंच. ७८०० मध्ये ग्लॉसीसाठी फोटो ब्लॅक आणि कॉटन कागदासाठी मॅट ब्लॅक, या दोघांना मिळून एकच जागा आहे. अदलाबदल करायची तर नळी रिकामी करून भरावी लागते, बरीच शाई गटारात जाते. तेव्हा आपण कुठल्या काळ्याचे, ते सुरुवातीलाच ठरवा. मी मॅटचा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद बघून माझ्याही तोंडाला पाणी सुटतं, पण इंकजेटचं कोटिंग नसलेल्या कागदात शाई मुरते, काळा राखाडी होतो आणि सुटे तंतू हेडला चिकटतात. एखाद्या कवितेच्या पानाला ते शोभेलही. पोर्ट्रेटला नाही.

मघाशी पहिल्या रांगेतल्या ताईंनी विचारलं, की रोज प्रिंट काढायला फोटो आणायचे कुठून? रोज नकोत. आठवड्यातून दोनदा, सगळे रंग लागतील असा पोस्टकार्डाएवढा एक तुकडा काढा. माझ्या मुलीने त्यासाठी तिचं मोराचं एक चित्र दिलंय. तसे शेकडो मोर आता आमच्या नातेवाइकांकडे आहेत, लग्नाच्या पाकिटांत, वाढदिवसाला, सगळीकडे.

माझं मशीन मागच्या खोलीत आहे. सकाळी टेम्पोतून आणलंय, वाटेत कात्रजचे खड्डे होते आणि त्यानंतर मी क्लीनिंग केलेलं नाही. आता पहिली नोझल चेक काढतो, दुसरी चहानंतर. भिंग एकच आहे, रांगेत या.