'द वाइल्ड गीस' आणि मुंबईचं विमान

श्रोतेहो, नमस्कार. 'द वाइल्ड गीस' हा १९७८चा सिनेमा. रिचर्ड बर्टन, रॉजर मूर, रिचर्ड हॅरिस. भाडोत्री सैनिकांची टोळी आफ्रिकेतल्या एका पदच्युत नेत्याला सोडवायला जाते. सोडवतेही. पण लंडनच्या ज्या धनवंतानं पाठवलं, तोच परस्पर सौदा करतो आणि न्यायला आलेलं विमान यांच्या डोळ्यांदेखत उडून जातं. विमान उडून जातं, एवढं लक्षात ठेवा.

मारामारी म्हणाल तर पोटभर. झोपलेल्या शिपायांवर सायनाइड फवारतात, तिथं माझ्या घशाला कोरड पडते. आणि हिरो कोण, तर पन्नाशीला टेकलेले बाप्ये! आजच्या हिरोंसारखे ऊठसूट शर्ट काढत नाहीत, हे मला फार बरं वाटतं. असो.

सिनेमाचा लष्करी सल्लागार होता माइक होर. जन्म कोलकात्याचा. साठच्या दशकात काँगोत भाडोत्री सैनिकांचा म्होरक्या. बर्टनचं पात्र त्याच्यावरच बेतलेलं.

आता खरी गंमत ऐका. नोव्हेंबर १९८१. हा होर चाळीसएक माणसं घेऊन हिंद महासागरातल्या सेशेल्स या बेटांच्या देशाचं सरकार उलथवायला निघाला. सोंग कसलं, तर बिअर पिणाऱ्या दोस्तांच्या सहलीचं! बॅगेत वर लहान मुलांची खेळणी, खाली चोरकप्प्यात एके-४७. तिथल्या माहे बेटावरच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं एकाची बॅग उचकली. खेळण्यांखाली बंदूक! झालं, गोळीबार सुरू. आणि त्या धुमश्चक्रीत येऊन उतरलं कोण? आपलं एअर इंडियाचं बोइंग! झिम्बाब्वेहून मुंबईला निघालेलं. मुंबईला, बरं का! आतल्या प्रवाशांना काय कल्पना, खाली काय चाललंय? होरच्या लोकांनी विमान ताब्यात घेतलं आणि कॅप्टन सक्सेनांना ते दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला न्यायला लावलं. मुंबईचं विमान डर्बनला! प्रवासी सुखरूप राहिले, हे नशीब.

सिनेमात विमान यांना टाकून गेलं होतं. इथं होर विमानात बसला आणि त्याचेच काही साथीदार मागं राहिले, ते सेशेल्सच्या तुरुंगात गेले.

पुढं दक्षिण आफ्रिकेत होरवर खटला चालला, तोही विमान अपहरणाचा. दहा वर्षांची शिक्षा झाली, पण १९८५मध्येच सुटला आणि २०२०मध्ये वारला, वयाची शंभरी गाठून. सिनेमा बघणार असाल, तर पोरं झोपल्यावर बघा.