खडकबागेला पुन्हा रंग

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेच्या झेंड्याजवळ, सरकारी वसाहतीच्या फाटकाशी किंवा जुन्या बंगल्याच्या पोर्चसमोर दगडांचा एक ढीग आपल्या मराठवाड्यात हमखास दिसतो. कधीकाळी कुणीतरी हौसेनं रचलेली ती खडकबाग, म्हणजे रॉकरी. आता तिच्यात गाजरगवत माजलेलं असतं, हरळीनं दगड झाकलेले असतात आणि मधे एखादं घायपात तेवढं तग धरून असतं. मग कुणीतरी सुचवतं, 'काढून टाका हे, फरशी बसवा.' माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, फरशी बसवू नका. आपलं ऊन आणि आपली पाणीटंचाई, दोन्हींना पुरून उरेल अशी बाग हीच आहे.

मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो तेव्हा दगड वरून चटका देतो, पण त्याच्या पोटाखाली ओल टिकून असते. झाडाची मुळं तिथं शिरली की वरून रोज पाणी घालावं लागत नाही.

मग या बागा मरतात कशानं? बहुतेक वेळा काळ्या मातीनं. शेतातली कसदार माती आणून दगडांच्या मधे भरली जाते. कापसाला ती उत्तम, इथं मात्र घात करते. पावसात ती फुगते, पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात आणि उरलीसुरली मुळं तुटतात. म्हणून ती काढा आणि दोन घमेली बारीक मुरूम, एक घमेलं माती, अर्धं घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत असं मिसळून भरा. मुरूम आपल्याकडे कुठंही मिळतो.

साफसफाई उन्हाळा सरता सरता करा. हरळी नुसती कापून भागत नाही, मुळासकट खणावी लागते. लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठी वेचाव्या लागतात, नाहीतर पहिल्या पावसात तो पुन्हा हजर. गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटा. त्याची खाज वाईट, तेव्हा हात झाकून घ्या. आणि दगड उलटताना हात घालू नका, पहारीनंच उलटा. खाली विंचू असतो, कधी सापही असतो.

दगड परत बसवताना साधारण तिसरा हिस्सा जमिनीत गाडा आणि माथा किंचित मागं कलता ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून न जाता मुळाशी मुरतं. आणि हो, या दगडांना गेरू-चुना फासू नका. वेरूळचं कैलास लेणं कोरलं गेलं ते याच जातीच्या काळ्या पाषाणात. त्या काळ्यावर गुलाबी फूल जसं उठून दिसतं, तसं रंगवलेल्या दगडावर कधीच दिसत नाही.

आता झाडं. पहिला मान चिनी गुलाबाचा, ज्याला आपण 'ऑफिस टाइम' म्हणतो. शेजाऱ्याकडून बोटभर काड्या मागून आणा, मुरमात आडव्या टोचा, दोन-चार दिवस नुसता पाण्याचा शिपका द्या. मांसल पानांत पाणी साठवणारं हे झाड दगडाच्या फटीतून खाली झेपावतं. ऊन चढलं की राणी, पिवळी, केशरी, पांढरी फुलं उघडतात आणि दुपार कलली की मिटतात. सावलीत मात्र ते फुलायचं नाव घेत नाही.

दुसरी सदाफुली. ही मूळची मादागास्करची, पण आपल्या अंगणांत इतकी रुळली की परकी वाटत नाही. कडवट, विषारी असल्यानं शेळ्या सहसा तिला तोंड लावत नाहीत. फाटकाजवळच्या बागेसाठी ही केवढी सोय आहे! शेंगा वाळल्या की बी आपोआप सांडतं आणि पुढच्या वर्षी रोपं फुकट. तिला फक्त पाणी साचलेलं सोसत नाही.

सावलीच्या अंगाला पानफुटी आणि जांभळ्या पानांचं रांगतं पर्पल हार्ट लावा. दोन्ही तुकड्यांवर येतात. दगडांच्या पायथ्याशी पावसाळी लिलीचे कांदे पुरा. दमदार सर येऊन गेली की चार दिवसांत गुलाबी फुलं वर येतात. उंच जागी लाल फुलांचा काटेरी युफोर्बिया शोभतो. छाटताना त्याचा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि लहान मुलं खेळतात तिथं तो लावूच नका. घाणेरीची फुलं रंगीत दिसतात म्हणून मोहात पडू नका. पाखरं तिचं बी माळरानभर नेतात आणि गुरांचा चारा दबतो.

लावणीला मृगाचा पहिला पाऊस पडून जाऊ द्या. पावसाळाभर पाणी घालायचं काम नाही. पुढं हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पुरे, आणि भर उन्हाळ्यात दोन-तीनदा, तेही संध्याकाळी दगड निवल्यावर. भांडी विसळलेलं पहिलं पाणीसुद्धा चालतं, फक्त त्यात साबण नको.

नमस्कार.