धुऱ्यावरचा पंचनामा सरहद्दीपलीकडे

वनखात्यातल्या मंडळींनो, ताडोब्याच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतालच्या पट्ट्यातल्या, एखाद्या वावराच्या धुऱ्यावर तारेच्या फासात वाघ मेला, तर त्याच्या कातड्या-हाडांना गावात गिऱ्हाईक नसतं. माल हातोहात उत्तरेकडं सरकतो आणि अनेकदा नेपाळमार्गे तिबेट-चीनकडं जातो. शिकार आपल्या बीटात, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीत झाली, तरी तिचा मोठा व्यापारी परमुलखात बसलेला असतो.

त्याच्यापर्यंत पोचायला करार आहेत. वाघ ‘साइटीस’च्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, पहिल्या म्हणजे सगळ्यांत कडक परिशिष्टात आहे, आणि भारत त्या करारात १९७६ पासून आहे. संघटित गुन्हेगारीविरोधातला संयुक्त राष्ट्रांचा करार आपण २०११मध्ये स्वीकारला. त्याखाली दुसऱ्या देशाची मदत मागायची तर गुन्हा गंभीर हवा; ज्याची कमाल शिक्षा चार वर्षं किंवा त्याहून जास्त, तो त्या कराराच्या भाषेत गंभीर गुन्हा. आपल्या कायद्यात वाघाच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे, म्हणजे ही अट पुरी होते. पण तीन किंवा अधिक माणसांची टोळीही दाखवावी लागते. म्हणून फास लावणाऱ्याला धरून तपास थांबवू नका. कातडं कुणी नेलं, पैसे कुणी दिले, तेही जबाबात यायला हवं.

आता कातड्याकडं या. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात; एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचेही नसतात. ट्रॅप कॅमेऱ्यांच्या फोटोंचा साठा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आहे. नेपाळात पकडलेलं कातडं त्याच्याशी जुळलं, तर वाघ कुठल्या जंगलातला ते कळतं. फोटो वाकडा असला की जुळणी फसते. कातडं सपाट पसरा, ओढून ताणू नका, शेजारी मोजपट्टी ठेवा, कॅमेरा बरोबर वरून धरा आणि दोन्ही कुशी घ्या. डीएनएच्या नमुन्याला फॉर्मेलिन लावू नका, त्यानं डीएनए खराब होतो. ओला तुकडा प्लॅस्टिकमध्ये कुजतो. तो सुकवून कागदी पाकिटात ठेवा, सील करा, पंचांच्या सह्या घ्या.

माहिती आणि पुरावा यांत मात्र गल्लत नको. इंटरपोलमार्फत, म्हणजे आपल्याकडं सीबीआयमार्फत, माहिती लवकर मिळू शकते. वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोही मदत करतो. पण परदेशातला जबाब किंवा कागद कोर्टात पुरावा म्हणून हवा असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली तपास अधिकाऱ्यानं अर्ज करायचा, न्यायालयानं त्या देशाकडं मदत मागणारं विनंतीपत्र काढायचं आणि ते गृह मंत्रालयाच्या वाटेनं जायचं. सोबत त्या देशाच्या भाषेतला अनुवाद लागतो. याला महिनोन्‌महिने जातात, म्हणून अर्ज लवकर करा.

आणि हे पत्र अडतं ते बारीकसारीक गोष्टींवर. प्राथमिक गुन्हा अहवालात आरोपीचं नाव एक, पंचनाम्यात दुसरं. जप्तीची वेळ सकाळची, सीलवरची संध्याकाळची. बीटातल्या कागदावर राहिलेली ही चूक तिकडचा अधिकारी दुरुस्त करत नाही, विनंतीच परत पाठवतो.