चालत्या गाडीची वीज बदलताना

[ऐरोली. रात्रीचे साडेअकरा. काचेच्या इमारतीत एकच मजला उजळलेला.]

खाली चहावाला टपरी आवरतोय. वर बँकेचा रात्रीचा बॅच सुरू झालाय. दिवसभराचे व्यवहार आता एकेका खात्याला लागतील. हे काम करतो कोबोलमधला एक प्रोग्राम. ही संगणकभाषा आखायला घेतली १९५९ साली.

स्क्रीनसमोरच्या मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त होतील. एका ओळीवर बोट ठेवून त्या म्हणतात, "हिला हात लावू नका. कशासाठी आहे, मलाही आठवत नाही. एकदा काढली होती, तर काही खात्यांचं व्याज चुकलं."

मग सगळंच नव्याने लिहून एका रात्रीत बदलून टाकलं तर? ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी खाती नव्या यंत्रणेवर नेली. लाखो ग्राहकांना आपलीच खाती उघडेनात. २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८० लाख पौंडांहून जास्त दंड झाला.

[ठाणे स्थानक. सकाळची गर्दी.]

हीच लोकल पूर्वी १,५०० व्होल्ट डीसीवर धावायची, आता २५,००० व्होल्ट एसीवर. त्यासाठी लोकल बंद ठेवायची कोणाची टाप होती? दोन्ही विजांवर चालणारे रेक आणले, मार्ग तुकड्या-तुकड्याने बदलला. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं काम २०१५ मध्ये संपलं, हार्बरवरचं २०१६ मध्ये. आपण रोज लटकून जातच होतो.

[पुन्हा ऐरोली.]

इथेही तसंच. जुन्या प्रोग्रामपुढे एक थर उभा केलाय; कोणतं काम जुन्याकडे, कोणतं नव्याकडे, ते तो ठरवतो. पत्ताबदल आता नव्याकडे जातो, स्टेटमेंटही. व्याज सगळ्यात शेवटी. सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरने २००४ मध्ये या पद्धतीला झाडाला वेढून वाढणाऱ्या वडवर्गीय झाडाचं नाव दिलं. सोसायटीच्या पाइपात पिंपळ उगवलेला पाहिलेल्यांना ते वेगळं समजवायला नको.

व्याजाचं गणित सध्या दोन्हीकडे चालतं, उत्तरं ताडून पाहिली जातात. पहिल्याच रात्री एका पैशाचा फरक आला. कोबोलमध्ये 'राउंडेड' लिहिलं नाही, तर जादा दशांश सरळ छाटले जातात. १४.२८६ चे जुन्यात १४.२८, नव्यात १४.२९. नव्या पोरांना वाटलं, आपलंच बरोबर.

मॅडम म्हणाल्या, "आधी जुन्यासारखं चुकू दे. सुधारायचं नंतर, सगळ्यांना सांगून."

[पहाटेचे तीन. फरकांची यादी.]

आज तीनच खाती उरलीत. तिन्ही २९ फेब्रुवारीला उघडलेली.

मॅडम चष्मा लावतात आणि पुन्हा त्याच ओळीपाशी जातात.