शिक्षा ठरण्याआधी पीडिताचा कागद कोर्टात पोहोचायला हवा

(दृश्य : निपाणीतली एक पडवी. सुपात तंबाखू, शेजारी तेंदूची पानं आणि कात्री.)

विडीची मजुरी हजारावर मिळते. समजा, विडी वळणाऱ्या एखाद्या बाईच्या उजव्या हातावर कोयत्याचा वार झाला. जखम भरली, पण अंगठा आणि तर्जनी आता नीट जुळत नाहीत. सरकारी दवाखान्यातल्या जखमेच्या दाखल्यावर काय असतं? जखम किती सेंटिमीटरची, कशाने झाली, साधी की गंभीर. आधी आठवड्याला किती विड्या व्हायच्या आणि आता किती होतात, हे त्यावर कुठेच नसतं. शिक्षा ठरवताना न्यायाधीशांपुढे मात्र पुष्कळदा तेवढाच दाखला असतो.

फिर्याद आपण दिली म्हणजे खटला आपला, असं लोकांना वाटतं. खटला सरकारचा असतो, पीडित त्यात साक्षीदार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २५८ सांगतं की सेशन्स कोर्टात आरोपी दोषी ठरला की शिक्षेच्या मुद्द्यावर त्याचं म्हणणं ऐकायचं. पीडितालाही ऐका, असं त्या कलमात लिहिलेलं नाही. त्यात दोषी ठरवणं आणि शिक्षा सुनावणं कित्येकदा एकाच दिवशी उरकतं. संध्याकाळी गावात बातमी पोहोचते तेव्हा सांगण्यासारखं सगळं सांगायचंच राहून गेलेलं असतं.

याला एक ठळक अपवाद आहे. ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम १५अ, २६ जानेवारी २०१६ पासून लागू. जामीन, पॅरोल, दोषसिद्धी आणि शिक्षा, या सगळ्या टप्प्यांवर पीडिताला किंवा त्याच्या आश्रितांना ऐकून घेतलं जाण्याचा हक्क आहे आणि लेखी म्हणणंही देता येतं. आमच्या मते प्रत्येक पीडिताला हाच हक्क मिळायला हवा. तोवर बाकीच्यांनी असलेल्या वाटा वेळेत वापरायच्या.

(दृश्य : खानापूर कोर्टाचं आवार. तारखांचा फलक.)

पहिली वाट साक्षीतूनच जाते. सरतपासाआधी, म्हणजे सरकारी वकील साक्षीदाराला पहिल्यांदा प्रश्न विचारतात त्याआधी, त्यांना भेटून सांगायचं : घटनेबरोबर तिचे परिणामही विचारा. काम किती बुडालं, कर्ज किती झालं, रोजची कोणती कामं आता जमत नाहीत. साक्षीत न आलेली गोष्ट शेवटी कितीही कळवळून सांगितली, तरी तिला आधार राहत नाही.

आपल्या भागात, कर्नाटकातल्या बेळगाव सीमाभागात, इथेच एक अडचण येते. साक्ष मराठीत दिली जाते, कोर्टाची भाषा कन्नड. नागरिक सुरक्षा संहितेच्या (पुढची कलमंही तिचीच) कलम ३१२ प्रमाणे शक्य असेल तर साक्ष साक्षीदाराच्या भाषेतच उतरवता येते. नाही तर कोर्टाच्या भाषेत तिचा खरा अनुवाद तयार होतो. मग कलम ३१३ प्रमाणे ती वाचून दाखवायची असते, आणि कन्नड कळत नसेल तर मराठीत समजावून द्यायची असते. घाई नडते ती नेमकी याच वेळी. "विडी वळता येत नाही" याचं "हात दुखतो" झालं, तर अख्ख्या आयुष्याची कमाई एका शब्दात गेली. सही करण्याआधी "मराठीत सांगा" म्हणणं हा उद्धटपणा नाही. तो हक्क आहे.

दुसरी वाट स्वतःच्या वकिलाची. कलम १८ खाली कोर्टाच्या परवानगीने सरकार पक्षाला साहाय्य करणारा वकील देता येतो. साक्षीपुरावा संपला की कलम ३३८ खाली, पुन्हा परवानगी घेऊन, त्याला लेखी युक्तिवाद देता येतो. पुरावा संपल्यापासून निकालापर्यंतचा हा काळ थोडाच असतो, म्हणून अर्ज आधीच तयार हवा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न पाहता जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. तारीख चुकू नये म्हणून ई-कोर्ट्स ॲपमध्ये खटल्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक घालून ठेवावा.

त्या युक्तिवादात "फाशी द्या", "जन्मठेप द्या" असं लिहून फारसं काही हाती लागत नाही. नुकसान लिहा आणि प्रत्येक ओळीमागे कागद लावा : डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, वैद्यकीय मंडळाचा अपंगत्वाचा दाखला, विडी कामगाराचं ओळखपत्र, डेअरीचं दूध कार्ड, कारखान्याचं ऊसबिल. कागवाड-चिकोडीकडचे जखमी मिरजेला किंवा कोल्हापूरला नेले जातात. तिथल्या डॉक्टरांचं नाव साक्षीदारांच्या यादीत आलं नाही, तर ते कागद सिद्ध करणं अवघड होतं. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत पीडिताला कळवायचं असतं. तेव्हाच हे विचारून घ्यावं.

(दृश्य : पावत्यांची चळत, त्यावरून फिरणारं बोट.)

नुकसानभरपाईचा विचार प्रत्येक खटल्यात करायचा आणि दिली किंवा नाकारली तरी कारणं नोंदवायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातल्या एका खटल्यात बजावलं. कलम ३९५ खाली ती दंडातून देता येते. पण प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची दंडाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. दंड ठोठावला नसेल तेव्हा पोटकलम ३ खाली दिल्या जाणाऱ्या भरपाईला अशी मर्यादा नाही. मात्र आरोपीची ऐपत पाहिली जाते, म्हणून त्याच्या जमिनीची, वाहनांची माहिती सरकारी वकिलांकडे द्यावी. दंडातली रक्कम अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत, हातात पडत नाही. ती अपुरी वाटली, किंवा आरोपी सुटला तरी, कलम ३९६ खाली कोर्ट भरपाईसाठी कायदा सेवा प्राधिकरणाकडे शिफारस करू शकतं.

आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर कलम ४१३ खाली पीडित स्वतः अपील करू शकतो. त्यासाठी उच्च न्यायालयाची वेगळी अनुमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा हा निर्णय बागलकोटच्या एका खटल्यातून आला, १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. शिक्षेची वर्षं कमी वाटली तर मात्र अपील सरकारनेच करायचं, कलम ४१८ खाली. पीडिताने सरकारी वकिलांकडे लेखी विनंती देऊन पोच घ्यावी. सेशन्सच्या निकालावरचं अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जातं. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज करा : प्रत तयार होण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण अर्ज करण्याआधी वाया घालवलेले दिवस वगळले जात नाहीत.