बेशुद्ध माणसाची सही

(पडदा काळा. फक्त आवाज, कोणीतरी छाती दाबताना मोठ्याने मोजतंय.)

एक माणूस जमिनीवर पडलाय, हृदय बंद, श्वास नाही, एक पॅरामेडिक गुडघ्यावर बसून छाती दाबतोय, दुसऱ्याने शिरेत सुई घातलीये आणि आता तो एक सीलबंद पाकीट फाडतोय. आत दहा भरलेल्या सिरिंज आहेत. त्यात अ‍ॅड्रिनलिन आहे की नुसतं सलाईन, हे त्याला माहीत नाही. मुद्दामच सांगितलेलं नाहीये.

भयंकर वाटतं ना? मी पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा हेच मनात आलं, की अरे माणूस मरतोय आणि तुम्ही छापा-काटा करताय? पण हे खरंच झालंय. ब्रिटनमध्ये, डिसेंबर २०१४ ते ऑक्टोबर २०१७, पाच अ‍ॅम्ब्युलन्स सर्व्हिसेस, ८०१४ पेशंट. या ट्रायलचं, म्हणजे औषधाच्या चाचणीचं, नाव पॅरामेडिक-२.

आता हे करायची गरज काय पडली? कारण हार्ट बंद पडलं की अ‍ॅड्रिनलिन द्यायचं हे जगभर सगळेच करत होते, पण त्याने नक्की कोण वाचतं हे कोणी नीट तपासलंच नव्हतं. सुरुवातीचा बराचसा पुरावा १९६० च्या दशकात कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांचा, आणि तिथून ती १ मिलीग्रॅमची सवय जी लागली ती लागलीच. औषध रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे छाती दाबताना हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांमध्ये रक्त जास्त जोराने जातं आणि ते पुन्हा सुरू व्हायची शक्यता वाढते, इथपर्यंत सगळं बरोबर. शंका मेंदूची होती. आवळल्या जाणाऱ्या वाहिन्यांमध्ये मेंदूतल्या बारीक वाहिन्या पण येतात.

याआधी ऑस्ट्रेलियात असाच प्रयत्न झाला होता. साधारण ५००० पेशंट घ्यायचा प्लॅन होता, घेता आले ६०१. कारण अ‍ॅड्रिनलिन न देणं म्हणजे पाप, असं स्वतः पॅरामेडिकनाच वाटत होतं, पेपरात उलटसुलट छापून आलं, राजकीय दबाव आला, काही सर्व्हिसेस बाहेर पडल्या. मला त्या लोकांना दोष द्यावासा वाटत नाही खरं तर. समोर माणूस पडलेला असताना हात बांधून उभं राहणं कोणाला जमतं, आणि बाजूला घरचे उभे असतील तर विचारूच नका.

(दृश्य: मॉनिटरवरची सरळ रेषा. मग एक ठोका.)

तर ब्रिटनचा निकाल २०१८ मध्ये आला. अ‍ॅड्रिनलिन दिलेल्या १०० पैकी ३६ जणांचं हृदय जागेवर परत सुरू झालं, सलाईनवाल्यांमध्ये १२ जणांचं. तिप्पट! इथेच व्हिडिओ थांबवला असता तर सगळे खूश. पण तीस दिवसांनी जिवंत किती? ३.२ टक्के आणि २.४ टक्के. म्हणजे फरक आहे, साधारण ११२ लोकांना औषध द्या तेव्हा एक जास्तीचा माणूस महिनाभर जगतो. आणि आता नको असलेला आकडा, जे वाचले त्यांच्यात मेंदूचं गंभीर नुकसान झालेले, म्हणजे दुसऱ्याच्या मदतीशिवाय चालता येत नाही, स्वतःचं काही करता येत नाही, काही तर पूर्ण अंथरुणाला खिळलेले, असे अ‍ॅड्रिनलिनवाल्यांमध्ये ३१ टक्के आणि सलाईनवाल्यांमध्ये १७.८ टक्के. मेंदू बऱ्यापैकी शाबूत ठेवून घरी गेलेले लोक दोन्हीकडे जवळपास सारखेच, २.२ आणि १.९.

ट्रायलच्या आधी त्यांनी सामान्य लोकांना विचारलं होतं, की तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं. बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, नुसतं जगण्यापेक्षा धड डोक्याने जगणं. आता हे उत्तर आणि वरचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. औषध बंद झालेलं नाहीये, आजही गाइडलाइनमध्ये आहे, आणि त्यावर डॉक्टर लोक आजही भांडतात.

पण मला या सगळ्यात अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. संमती.

कुठलीही ट्रायल म्हटली की फॉर्म असतो, समजावून सांगणं असतं, विचार करायला वेळ असतो, मग सही. इथे पेशंट बेशुद्ध आहे आणि हातात मिनिटं आहेत, तासही नाही. बायकोला विचारायचं? ती छाती दाबतीये. म्हणून अशा रिसर्चसाठी वेगळे नियम केले गेले, अमेरिकेत १९९६ पासून संमतीशिवाय अशी ट्रायल करता येते पण त्याआधी त्या भागातल्या लोकांशी बोलावं लागतं, जाहीर करावं लागतं. ब्रिटनमध्ये एथिक्स कमिटीने परवानगी दिली आणि ज्याला भाग घ्यायचा नाही त्याने मागून घ्यावं असं एक स्टीलचं ब्रेसलेट ठेवलं होतं, त्यावर कोरलेलं, 'नो स्टडी'. जे वाचले त्यांना नंतर सांगितलं. जे गेले त्यांच्या घरच्यांना आपणहून कळवायचं नाही असं ठरलं, कोणी विचारलं तर सांगायचं. यावर तेव्हा बराच आरडाओरडा झाला. ट्रायल करणाऱ्यांचं म्हणणं, दुःखात असलेल्या माणसाला असं पत्र पाठवून काय साधणार. मला अजून कळत नाही मी कोणत्या बाजूला आहे, रोज बदलतं.

सगळंच इतकं कडू नसतं हां. क्रॅश-२ नावाची ट्रायल घ्या. ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड, रक्तस्राव कमी करणारं स्वस्त औषध, १९६० च्या दशकात जपानमध्ये उटाको ओकामोटो आणि त्यांच्या नवऱ्याने शोधलेलं. अपघातात रक्तस्राव होणाऱ्या लोकांना ते दिलं तर काय होतं? ४० देश, २७४ हॉस्पिटलं, २०,२११ पेशंट. २०१० मध्ये निकाल, मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर. मग पुढच्या वर्षी त्याच आकड्यांकडे परत बघितलं तर असं दिसलं की पहिल्या तीन तासांत दिलं तर फायदा, जितकं लवकर तितका जास्त, आणि तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावाने मरणारे उलट वाढले. तेच औषध, तोच डोस! फक्त घड्याळ पुढे गेलं.

(दृश्य: कॅज्युअल्टीचा कॉरिडॉर. भिंतीला लागून ट्रॉल्या.)

आणि घड्याळावरून आपण इथे येतो.

या ट्रॉल्यांवरच्या लोकांना तपासून झालंय, निदान झालंय, अ‍ॅडमिट करायचं ठरलंय. फक्त वर वॉर्डात बेड नाहीये. याला बोर्डिंग म्हणतात. लोकांना वाटतं की सर्दी-खोकल्याची माणसं येऊन गर्दी करतात, पण तो माणूस खुर्चीत बसतो, गोळ्या घेतो आणि जातो, ट्रॉली तो अडवत नाही. ट्रॉली अडते कारण वरचा पेशंट घरी गेलेला नाही, त्याला घरी बघायला कोणी नाही किंवा डिस्चार्जचा कागद दुपारपर्यंत होत नाही, आणि तो पूर्ण तुंबा खाली येऊन कॅज्युअल्टीच्या दारात साठतो.

फ्रान्समध्ये डिसेंबर २०२२ मध्ये ९७ इमर्जन्सी विभागांत ७५ वर्षांच्या पुढचे १५९८ पेशंट बघितले. ज्यांना रात्र कॅज्युअल्टीत ट्रॉलीवर काढावी लागली त्यांच्यातले १५.७ टक्के त्याच अ‍ॅडमिशनमध्ये दगावले, ज्यांना मध्यरात्रीच्या आत वॉर्ड मिळाला त्यांच्यातले ११.१ टक्के. इंग्लंडमध्ये पन्नास लाखांहून जास्त अ‍ॅडमिशनचा हिशेब २०२२ मध्ये छापून आला, त्यात येऊन सहा ते आठ तास झाले तरी बेड न मिळालेल्या दर ८२ पेशंटमागे तीस दिवसांत एक जास्तीचा मृत्यू. हे अभ्यास नुसतं बघून केलेले आहेत, छापा-काटा करून नाही, त्यामुळे कारण-परिणाम शंभर टक्के सिद्ध असं म्हणता येत नाही, ते मान्य.

पण जरा कल्पना करा. कोणीतरी एथिक्स कमिटीपुढे गेला आणि म्हणाला की मला म्हाताऱ्या माणसांचे दोन गट करायचेत, एकाला बेड द्यायचा, दुसऱ्याला रात्रभर लाइटखाली, गोंगाटात, अरुंद ट्रॉलीवर ठेवायचं आणि किती मरतात ते मोजायचं. त्याला खोलीबाहेर काढतील. एका सिरिंजसाठी कमिट्या, जाहिराती, ब्रेसलेट. आणि हे आपोआप रोज रात्री चालू आहे, कोणाचीच सही न घेता.

तिथे काम करणाऱ्यांचं काय होतं तेही बघा. नाईटला आलेला डॉक्टर हँडओव्हर घेतो तेव्हा अर्धी यादी अशा लोकांची असते जे कागदोपत्री त्याचे पेशंटच नाहीत, पण सलाईन संपलं, बीपी पडलं तर धावायचं त्यानेच, आणि नवीन आलेला छातीत दुखणारा माणूस तो तपासणार कुठे, खुर्चीवर? बर्नआउट बर्नआउट म्हणतात, मला तो शब्द थोडा चुकीचा वाटतो, कारण त्यात असं सूचित होतं की माणूसच कमी पडला, योगा करा, सुट्टी घ्या. अमेरिकेत २०२३ मध्ये इमर्जन्सी मेडिसिनच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे नव्या डॉक्टरांच्या ट्रेनिंगच्या, ५५४ जागा मॅचमध्ये (या जागा वाटायची दरवर्षीची प्रक्रिया) रिकाम्या राहिल्या, दोन वर्षं आधीपर्यंत याच ब्रँचला उड्या पडत होत्या. २०२४ मध्ये आकडा १३५ वर आला, म्हणजे लगेच जग बुडालं असं नाही. पण मेडिकलची पोरं मूर्ख नसतात, ती कॉरिडॉरमधूनच चालत जातात ना रोज.

एक उपाय मात्र करून बघितलेला आहे. न्यूयॉर्कमधल्या स्टोनी ब्रूक इथे पीटर व्हिचेलिओ या डॉक्टरने मांडलेला, ऐकायला अगदीच बाळबोध. बेड नाही ना? मग अ‍ॅडमिट झालेला, बऱ्यापैकी स्थिर पेशंट खालच्या कॉरिडॉरऐवजी वरच्या वॉर्डांच्या कॉरिडॉरमध्ये ठेवा, प्रत्येक वॉर्डात एक-दोन. खाली वीस जण तुंबण्यापेक्षा वर दहा ठिकाणी दोन-दोन वाटले जातात, आणि स्वतःच्या दारात ट्रॉली दिसली की वॉर्डात रिकामा बेड जरा लवकर सापडतो (हे मी हसत नाही म्हणते). वॉर्डच्या नर्सेसना हे आवडत नाही, आणि का आवडावं, त्यांच्याकडे तरी कुठे माणसं आहेत. पण चार वर्षांचे आकडे बघितले तर असं वर पाठवलेल्या पेशंटचं नुकसान झाल्याचं दिसलं नाही. नंतर दोन्ही ठिकाणी राहिलेल्या पेशंटना फोन करून विचारलं, तुम्हाला कुठला कॉरिडॉर बरा वाटला. बहुतेकांनी वरचा सांगितला.

या वेळी निदान त्यांना विचारलं तरी होतं.

(दृश्य: लिफ्टचं दार उघडतं. ट्रॉली आत जाते.)